पराभवाचे खापर

नागपूरहून रायपूरकडे जाणारा महामार्ग भंडाऱ्याला वैनगंगा ओलांडतो आणि लाखनीवरून साकोलीकडे निघतो. या वाटेच्या दोन्ही अंगांचा बराच मुलूख अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत देवगडच्या गोंड राज्यात मोडत होता. त्याच शतकात तो नागपूरकर भोसल्यांचा झाला. हे सत्तांतर घडले त्याच्या मुळाशी एका गोंड राणीने घेतलेला निर्णय होता. राणी रतनकुंवरने वऱ्हाडात ठाण मांडून बसलेल्या रघुजी भोसल्याला मदतीला बोलावले, तो आला, आणि काही वर्षांत राज्यच त्याचे झाले. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, मेक्सिकोत, याच्या सव्वादोनशे वर्षे आधी मालिंत्सिन नावाच्या नाहुआ बाईने स्पॅनिश सेनापतीची दुभाषी म्हणून काम केले. तिच्या तोंडून निघालेल्या शब्दांवर तह झाले, युद्धे झाली, आणि दोन वर्षांत तिथले सर्वांत बलाढ्य साम्राज्य कोसळले. मालिंत्सिनचे नाव आज मेक्सिकोत लहान मूलही ओळखते आणि कितीतरी माणसे ते शिवीसारखे वापरतात. रतनकुंवरचे नाव आपल्याकडे इतिहासाच्या जाड ग्रंथांबाहेर सहसा निघत नाही. एकीच्या वाट्याला पराभवाचे सगळे खापर आले, दुसरीच्या वाट्याला विस्मरण. या दोन्ही वागणुकी एकाच चुकीतून आल्या आहेत असे माझे म्हणणे आहे. संकटात सापडलेली बाई समोरची परिस्थिती तोलून राजकीय निर्णय घेऊ शकते, हे मान्य करण्याची तयारी दोन्हीकडे नाही.

मालिंत्सिनची हकिकत आधी पाहू, कारण तिच्याबद्दलचा पुरावा जास्त आहे. तिचा जन्म १५०० च्या आगेमागे, मेक्सिकोच्या आखाताजवळच्या कोआत्साकोआल्कोस भागात झाला. घराण्याची भाषा नाहुआत्ल होती. लहानपणीच ती गुलाम झाली आणि हातोहात होत ताबास्कोच्या चोंताल माया लोकांकडे पोचली. तिथे ती माया भाषा बोलू लागली. १५१९ च्या मार्चमध्ये एर्नान कोर्तेस सुमारे पाचशे शिपाई घेऊन त्या किनाऱ्यावर उतरला. लढाईत हरलेल्या चोंताल सरदारांनी त्याला सोने, कापड आणि वीस बायका नजराणा म्हणून दिल्या. त्या विसांत ही मुलगी होती. स्पॅनिशांनी तिचा बाप्तिस्मा करून मारिना हे नाव ठेवले आणि कोर्तेसने तिला आपल्या एका सरदाराच्या हवाली केले. तिच्या संमतीचा प्रश्न कोणाच्याही मनात आला नाही. काही आठवड्यांनी मोक्तेसुमा बादशहाचे वकील भेटीला आले तेव्हा कोर्तेस अडला. त्याच्याजवळ हेरोनिमो दे आगिलार हा स्पॅनिश माणूस होता. जहाज फुटून १५११ मध्ये तो युकातानच्या किनाऱ्याला लागला होता आणि माया भाषा शिकला होता, पण नाहुआत्ल त्याला येत नव्हती. ती मारिनाला येत होती. तेव्हापासून कोर्तेस स्पॅनिशमध्ये बोले, आगिलार ते मायामध्ये सांगे आणि मारिना नाहुआत्लमध्ये. थोड्याच काळात ती स्पॅनिशही शिकली आणि मधला दुवा गळून पडला.

यापुढची दोन वर्षे त्या मोहिमेतला एकही महत्त्वाचा संवाद तिच्याशिवाय झाला नाही. त्लाश्कालाच्या सरदारांशी झालेला तह, ८ नोव्हेंबर १५१९ ला तेनोच्तित्लान या मोक्तेसुमाच्या राजधानीत झालेली कोर्तेस-मोक्तेसुमा भेट, नंतरच्या धमक्या आणि वाटाघाटी, सगळीकडे ती मध्ये उभी होती. कोर्तेसच्या फौजेत असलेल्या बेर्नाल दियासने म्हातारपणी त्या मोहिमेचा इतिहास लिहिला. त्यात तो तिचा उल्लेख कमालीच्या आदराने करतो. खुद्द कोर्तेसने मात्र स्पेनच्या राजाला धाडलेल्या लांबलचक पत्रांत तिची दखल केवळ ओझरती घेतली. १३ ऑगस्ट १५२१ ला तेनोच्तित्लान पडले. पुढच्या वर्षी तिला कोर्तेसपासून मुलगा झाला, मार्तीन. होंडुरासच्या मोहिमेच्या वाटेवर तिचे लग्न हुआन हारामियो या सरदाराशी लावले गेले. त्याच्यापासून तिला मुलगी झाली, आणि १५२९ उजाडले त्या सुमारास ती वारली. वय तिशीच्या आतबाहेर. आयुष्यभर दुसऱ्यांचे बोलणे पोचवणाऱ्या या बाईचे स्वतःचे म्हणता येईल असे एकही पत्र, एकही जबानी शिल्लक नाही. ती काय विचार करत होती हे छातीठोकपणे सांगणारा प्रत्येक जण आपल्या मनातले तिच्या तोंडी घालत असतो.

तरीही तिच्यावर देशद्रोहाचा शिक्का बसला. तो केव्हा बसला हे पाहणे बोधप्रद आहे. तिला पाहिलेल्या पिढ्यांच्या साधनांत हा आरोप नाही. १५५० नंतर त्लाश्कालाच्या लोकांनी कापडावर काढून घेतलेल्या चित्रमालेत ती पुन्हापुन्हा येते. तिथे ती मध्यभागी, मानाने उभी आहे. नाहुआ माणसांच्या आठवणींतून साहागून या पाद्र्याने सिद्ध केलेल्या ग्रंथाच्या बाराव्या भागातही ती बोलणारी, अधिकार असलेली व्यक्ती म्हणून दिसते. चित्र पालटले ते तीनशे वर्षांनी. १८२१ मध्ये मेक्सिको स्पेनच्या जोखडातून सुटला. नव्या राष्ट्राला नायक हवे होते, तसे खलनायकही. १८२६ मध्ये फिलाडेल्फियात छापलेल्या, लेखकाचे नाव नसलेल्या ‘शिकोतेंकात्ल’ या कादंबरीत मारिना कपटी, मोहात पाडणारी आणि आपल्या माणसांना विकणारी झाली. पुढे १९५० मध्ये ओक्तावियो पास यांनी आपल्या गाजलेल्या निबंधग्रंथात तिला मेक्सिकोच्या मनातल्या जखमेचे प्रतीक केले. परक्या वस्तूंचा आणि परक्या माणसांचा सोस असणाऱ्याला तिच्या नावावरून हिणवण्याची रीत तोवर पडलीच होती. म्हणजे ज्या देशाशी तिने द्रोह केला असे म्हणतात, तो देश तिच्या मृत्यूनंतर जवळपास तीनशे वर्षांनी जन्माला आला.

तिच्या काळात ‘मेक्सिको’ हे एक राष्ट्र नव्हते. तेनोच्तित्लानचे मेशिका लोक आसपासच्या शेकडो गावांकडून खंडणी उकळत होते. त्लाश्काला कित्येक दशके त्यांच्याशी लढत होते. ज्या प्रदेशात ती गुलाम होती, तिथल्या माया लोकांना मेशिका हे परकेच वाटत. तिला विकणारे तिचेच म्हणावे लागतील असे लोक होते, आणि नजराणा म्हणून देणारेही. तिने निष्ठा ठेवायची ती नेमकी कोणाशी? शिवाय पाचशे शिपायांनी साम्राज्य जिंकले हेही खरे नाही. शेवटच्या वेढ्यात स्पॅनिशांच्या बाजूने हजारोंनी लढले ते स्थानिक मित्रसैनिक. त्याआधी १५२० मध्ये देवीची साथ नगरात शिरली आणि मोक्तेसुमाच्या मागून गादीवर आलेला राजाही तिने नेला. लोखंड, घोडे, मित्रराज्यांचा मेशिकांवरचा जुना राग आणि तिथल्या शरीरांना अनोळखी असलेला रोग या सगळ्यांनी मिळून जे घडवले, त्याचा दोष एका विशीतल्या गुलाम मुलीच्या जिभेवर टाकणे म्हणजे पुरावा बाजूला ठेवून सोयीचा आरोपी शोधणे होय.

आता देवगडकडे वळू. बख्त बुलंद या गोंड राजाने औरंगजेबाच्या काळात मुसलमानी धर्म स्वीकारून दिल्लीशी संधान बांधले. त्याने १७०२ मध्ये नागपूर वसवले. तुमसर तालुक्यातला आंबागड किल्ला त्याच्याच अमलातल्या राजाखान पठाणाच्या नावावर सांगतात. बख्त बुलंदाचा वारस चांद सुलतान याने राजधानी नागपूरला आणली, शहराला तट घातला. १७३० च्या दशकाच्या अखेरीस तो वारला आणि बख्त बुलंदाचा दासीपुत्र वलीशाह याने गादी बळकावली. चांद सुलतानाची विधवा रतनकुंवर आणि तिचे मुलगे बुऱ्हाणशाह व अकबरशाह उघड्यावर पडले. गादी हिरावल्या गेलेल्या राजपुत्रांचे अशा वेळी काय होते हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. तिने रघुजीला साकडे घातले. रघुजीने वलीशाहचा पाडाव केला, मुलांना गादी मिळवून दिली आणि मोबदला घेऊन तो वऱ्हाडात परतला. राणीने त्याला आपला तिसरा मुलगा मानून राज्याचा तिसरा हिस्सा दिला, असे भोसल्यांच्या इतिहासात सांगतात. पुढे दोघा भावांत बिनसले. १७४३ मध्ये रघुजी पुन्हा आला. ब्रिटिश गॅझेटियरच्या नोंदीप्रमाणे या खेपेचे बोलावणे थोरल्या भावाचे, म्हणजे बुऱ्हाणशाहचे होते. अकबरशाहला राज्याबाहेर जावे लागले, बुऱ्हाणशाहकडे राजा ही पदवी आणि नेमणूक तेवढी उरली, आणि कारभार भोसल्यांच्या हाती गेला.

रतनकुंवरने बोलावले नसते तर हे राज्य वाचले असते का? इतिहासात ‘जर-तर’ला जागा नाही असे म्हणून हा प्रश्न टाळता येईल, पण शेजारच्या राज्यांचे काय झाले हे पाहिले की उत्तर बऱ्यापैकी मिळते. नागपूरच्या राजवाड्यात भांडण लागण्याच्या आधीच गोंडवन मराठ्यांच्या नजरेत होते. रघुजीचा चुलता कान्होजी यवतमाळकडच्या भामहून या दिशेला हातपाय पसरत होता, आणि १७३८ मध्ये शाहू महाराजांनी रघुजीला पूर्वेकडच्या विस्तीर्ण मुलखात चौथाई वसूल करण्याच्या सनदा दिल्या होत्या. छत्तीसगडातले रतनपूरचे हैहयवंशी राज्य १७४१ मध्ये भोसल्यांचा सेनानी भास्करपंत याच्यापुढे झुकले. दक्षिणेकडचे चंद्रपूरचे गोंड राज्य १७५१ च्या सुमारास नीलकंठशाहच्या हातून भोसल्यांकडे गेले. या दोन्ही ठिकाणी पाहुण्याला दार उघडून देणारी रतनकुंवर नव्हती, तरी शेवट तोच झाला. घोडदळाच्या बळावर चौथाई वसूल करत पूर्वेकडे सरकणारी सत्ता एका बाजूला आणि वारसाच्या तंट्यांनी पोखरलेली लहान राज्ये दुसऱ्या बाजूला, अशी ती परिस्थिती होती. राणीच्या हातात होते ते एवढेच, की हे वादळ आपल्या मुलांच्या बाजूने वळवता येते का ते पाहणे. काही वर्षे तिने ते वळवलेही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की या दोघींची तुलनाच चुकीची आहे. एक गुलाम, दुसरी राणी. एकीने भाषांतर केले, दुसरीने फौज बोलावली. शिवाय समुद्रापलीकडून आलेले, धर्म आणि भाषा पुसून टाकू पाहणारे स्पॅनिश आणि शेजारच्या वऱ्हाडातून आलेले मराठे यांना एका मापाने कसे मोजायचे? हा भेद खरा आहे आणि तो पुसून चालणार नाही. भोसल्यांनी गोंड राजाची पदवी ठेवली, त्याच्या वंशजांची नेमणूक चालवली, नागपुरात त्यांचा वाडा राहू दिला. कुआउतेमोक या शेवटच्या मेशिका राजाला १५२५ मध्ये फासावर लटकवणाऱ्या कोर्तेसशी याची बरोबरी होत नाही. राणी म्हणून रतनकुंवरची जबाबदारीही मालिंत्सिनपेक्षा मोठी होती, कारण तिला निवड होती आणि दुसरीला जवळजवळ नव्हतीच. पण माझी तुलना त्यांच्या कृत्यांची नाही, त्यांच्यामागे त्यांच्या आठवणीचे काय झाले त्याची आहे. दोघीही दोन सत्तांच्या मध्ये उभ्या राहिल्या, दोघींचे शब्द निर्णायक क्षणी मोलाचे ठरले, आणि दोघींच्याही बाबतीत पुढच्या पिढ्यांनी त्या शब्दांमागचे कारण विचारले नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. हे सगळे बाई असण्याशी जोडणे बरोबर आहे का? पेरूमध्ये पिझारोचा दुभाषा फेलिपिल्यो हा पुरुष होता आणि त्याचेही नाव तिथे दगाबाजीचे दुसरे नाव झाले आहे. आपल्याकडे राघोबादादांनी इंग्रजांची मदत मागितली त्याचा दोष त्यांना मिळालाच. हे मान्य करावे लागते. दोन बाजूंच्या मध्ये उभ्या राहणाऱ्याला दोन्ही बाजू संशयाने पाहतात, मग तो पुरुष असो की स्त्री. पण पुढे पाहिले की फरक उघड होतो. फेलिपिल्योवर आरोप आहे तो खोटे भाषांतर केल्याचा, म्हणजे त्याच्या कामाचा. मालिंत्सिनवरचा आरोप तिच्या कामावरून घसरून तिच्या शरीरावर येतो. शत्रूची शय्या आणि शत्रूचे मूल हाच तिचा गुन्हा ठरतो, आणि ज्याच्या ताब्यात ती दिली गेली होती त्याच्या वागण्याचा हिशेबही तिच्याच नावावर मांडला जातो. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधल्या खुनाचा ठपका रामशास्त्र्यांनी राघोबादादांवर ठेवला, पण लोकांच्या जिभेवर चढला तो आनंदीबाईंचा ‘ध चा मा’. याउलट १६७४ मध्ये रायगडावर हेन्री ऑक्झिंडनसोबत कंपनीचा दुभाषा म्हणून आलेला नारायण शेणवी आपल्याला केवळ एक कामकरी माणूस वाटतो.

नागपूरच्याच इतिहासात याहून नेमका दाखला आहे. दुसऱ्या रघुजीच्या मृत्यूनंतर आप्पासाहेब भोसल्याने दरबारातल्या विरोधकांना शह देण्यासाठी २७ मे १८१६ ला इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. घरातल्या भांडणात बाहेरच्या प्रबळ सत्तेला आत घेणे, हे रतनकुंवरने केले तेच, आणि त्याची किंमत तितकीच मोठी ठरली. पण आप्पासाहेब पुढच्याच वर्षी सीताबर्डीला इंग्रजांशी लढला. पाडाव झाल्यावर महादेवाच्या डोंगरात गोंडांनी त्याला आसरा दिला, आणि आज त्याची आठवण निघते ती इंग्रजांना नडलेला राजा म्हणून. ती तशी निघावी यात गैर नाही. माणूस एका निर्णयाने मोजू नये, आयुष्यभराच्या वागण्याने मोजावा, हा न्याय आपण आप्पासाहेबाला दिला. तोच न्याय रतनकुंवरला आणि मालिंत्सिनला द्यायला हवा, इतकी साधी मागणी आहे.

तिसरा आक्षेप माझ्या बाजूच्या लोकांसाठी आहे. गेल्या पन्नास वर्षांत मेक्सिकोतल्या आणि सीमेपलीकडच्या अमेरिकेतल्या लेखिकांनी मालिंत्सिनला नव्याने पाहिले. कोणी तिला मेक्सिकोची आदिमाता ठरवले, कोणी अत्याचाराची बळी, कोणी स्वातंत्र्याची पताका. खापर काढून घेताना हार घालण्याचा मोह होतो, आणि तोही पुराव्याला धरून नसतो. १५१९ च्या ऑक्टोबरमध्ये चोलुला शहरात स्पॅनिशांनी हजारो नि:शस्त्र माणसे कापली. कटाची बातमी मारिनाने काढली आणि कोर्तेसला दिली, असे स्पॅनिश वृत्तांत सांगतात. कट खरोखर होता की कत्तलीला कारण हवे होते, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. तिने बातमी दिली असेल तर तिचा त्या रक्तपातात वाटा आहे आणि तो लपवून चालणार नाही. रतनकुंवरच्या निर्णयाने ज्यांची घरेदारे फौजांच्या पायाखाली आली, त्या रयतेचाही विचार करावा लागतो. निर्णय घेण्याची क्षमता मान्य करायची तर त्याचे परिणामही पदरात घालावे लागतात. कॅमिला टाऊनसेंड यांनी २००६ मध्ये लिहिलेल्या मालिंत्सिनच्या चरित्राचे मोल याच कारणाने मोठे आहे. तिच्यापुढे प्रत्येक वळणावर कोणते पर्याय खुले होते, हे त्या नाहुआत्ल साधनांच्या आधारे मांडतात आणि वाचकाला त्या पर्यायांत उभे करतात. निवाडा त्यानंतर.

मग मालिंत्सिनला शिव्या आणि रतनकुंवरला विस्मरण, हा फरक का? आठवण कोण सांगतो यात त्याचे उत्तर आहे. मेक्सिकोने स्वतःला जिंकलेल्यांचा वारस मानले, म्हणून तिथे पराभवाचे दुःख राष्ट्राचे दुःख झाले आणि त्याला आरोपी लागला. नागपूर प्रांताचा इतिहास मराठीत लिहिला गेला तो मुख्यतः जिंकणाऱ्यांच्या बाजूने. यादव माधव काळे यांच्यासारख्या अभ्यासकाने १९३४ मध्ये या प्रांताचा मोठा इतिहास कष्टाने उभा केला आणि गोंड राज्यांना त्यात जागा दिली, याचे श्रेय त्यांना आहेच. तरी आपल्या सर्वसाधारण आठवणीत नागपूर सुरू होते ते रघुजीपासून. विजेत्याच्या कथेत बोलावणारी राणी प्रस्तावनेपुरती लागते. तिने बोलावले म्हणून आम्ही आलो, एवढे म्हटले की स्वारीला रीतसरपणा मिळतो आणि राणीचे काम संपते. हरलेल्यांच्या कथेत बाई दोषी, जिंकलेल्यांच्या कथेत बाई निमित्त. तिचे भय, तिचा हिशेब, तिची चूक, तिचे यश यांतले काहीच दोन्हीकडे उरत नाही.

वैनगंगेकाठच्या या झाडीपट्टीत हा प्रश्न जुना होऊन गेलेला नाही. इथे मराठी, झाडीबोली, गोंडी, हलबी आणि पोवारी शेजारी नांदतात. २०११ च्या जनगणनेत देशभरात गोंडी बोलणारे जवळपास ३० लाख होते, तरी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत गोंडीला जागा नाही. मेक्सिकोतही १६ लाखांहून अधिक लोक आज नाहुआत्ल बोलतात. कचेरी, दवाखाना, न्यायालय यांची भाषा एक आणि घरची भाषा दुसरी असते तिथे मध्ये उभे राहून बोलणे पोचवणारा कोणीतरी लागतोच. त्याच्याकडे, आणि विशेषतः तिच्याकडे, संशयाने पाहायचे की विश्वासाने, हे आपण आपला इतिहास कसा सांगतो त्यावर ठरते. म्हणून लाखनी-साकोलीच्या शाळांतून नागपूरचा इतिहास शिकवताना तो बख्त बुलंदापासून सुरू व्हावा, आणि रतनकुंवरच्या निर्णयाशी येऊन विद्यार्थ्यांना विचारावे: वलीशाह गादीवर आहे, मुले लहान आहेत, वऱ्हाडातून फौज केव्हाही येऊ शकते, अशा वेळी तुम्ही काय केले असते? याचे एकच बरोबर उत्तर नाही. पण हा प्रश्न ज्याने एकदा प्रामाणिकपणे सोडवून पाहिला, तो राज्य बुडाल्याचे कारण एका बाईत शोधणार नाही. तो फौजा, सनदा, वसुली आणि घराण्यांतले तंटे यांत ते शोधेल, आणि इतिहास समजून घेण्याची सुरुवात तिथूनच होते.